बर्फाखालची गळती

आर्क्टिक समुद्राखालची पाइपलाइन गंजली, तर ती दुरुस्त कशी करतात? आधी एका गळतीची गोष्ट. फेब्रुवारी २०१७मध्ये अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधून पाण्यावर बुडबुडे उठताना दिसले. तळावरची आठ इंची गॅसलाइन गळत होती. तिच्यावर पाणबुड्यांनी क्लॅम्प (पाइपभोवती आवळायचं कवच) बसवला तो एप्रिलच्या मध्यावर. तोवर भरती-ओहोटीबरोबर वाहणाऱ्या बर्फाखाली कोणाला उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. मग लाइन सरळ बंद का केली नाही? तर ती मुळात तेलासाठी टाकलेली, १९६५च्या सुमाराची. आतला दाब गेला तर समुद्राचं पाणी शिरेल आणि उरलंसुरलं तेल बाहेर येईल, अशी भीती होती.

ती लाइन गंजली नव्हती, खडकावर घासली होती. आणि कुक इनलेट काही खरं आर्क्टिक नव्हे. उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात गोष्टी आणखी अवघड होतात. तिथे २००१पासून नॉर्थस्टार या कृत्रिम बेटावरून किनाऱ्याकडे तेल येतं. वाहत्या बर्फाचे सुळके समुद्रतळ नांगरून काढतात, म्हणून ही पाइपलाइन चर खणून पुरलेली आहे. म्हणजे दुरुस्तीआधी खोदकाम आलंच. गंमत अशी, की तिथला सगळ्यात वाईट काळ कडाक्याच्या थंडीचा नाही. ऐन हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा बर्फ इतका जाड होतो की त्यावर यंत्रं उभी करता येतात. नॉर्थस्टारची पाइपलाइन टाकली तीच बर्फ कापून, त्यावर एक्स्कॅव्हेटर उभे करून. उन्हाळ्याच्या शेवटी काही आठवडे जहाज नेता येतं. खरी कोंडी होते ती मधल्या दिवसांत. बर्फ धड गोठलेला नसतो, धड वितळलेला नसतो. ना त्यावर यंत्र उभं राहतं, ना त्यातून जहाज जातं.

एवढ्या थंडीत लोखंड गंजतं तरी कसं? तेल जमिनीच्या पोटातून गरम येतं आणि सोबत पाणी, गाळ, कार्बन डायऑक्साइड आणतं. प्रवाह मंदावला की पाणी पाइपच्या तळाशी बसतं. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आम्ल होतं, आणि गाळाखाली ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू धातू पोखरतात. बाहेरून लावलेले त्यागी ॲनोड, म्हणजे पाइपऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, यापुढे हतबल. ते फक्त बाहेरची बाजू राखतात. २००६मध्ये अलास्कातल्याच प्रुधो बे या तेलक्षेत्रात जमिनीवरची पाइपलाइन अशीच आतून गंजली. बोटाच्या पेरापेक्षाही लहान छिद्रातून सुमारे ८ लाख लिटर तेल गेलं, आणि ते एका कामगाराला वासावरून कळलं!

म्हणून छिद्र पडण्याआधीच गाठावं लागतं. ‘पिग’ नावाचं यंत्र तेलाच्या दाबाने आतून पुढे सरकतं आणि चुंबकीय क्षेत्राच्या गळतीवरून भिंत कुठे पातळ झाली ते नोंदवतं. डाग लहान असेल तर दाब कमी करून वेळ काढता येतो. नाहीतर क्लॅम्प: दोन अर्धगोल कवचं, आत रबरी सील, बाजूला बोल्ट. सोपं वाटतं, पण आधी पाइपवरचं आवरण खरवडून पृष्ठभाग साफ करायचा. बाहेरून खड्डे पडलेल्या धातूवर सील धड बसत नाही. तुकडाच बदलायचा असेल तर वेल्डिंग पाण्याबाहेर ठेवलेलं बरं. पाण्यात तापलेला धातू झटकन थंड होतो, त्यात हायड्रोजन शिरतो आणि सांधा ठिसूळ होतो. म्हणून पाइपभोवती कोरडी खोली उतरवतात. प्रवाह थांबल्यावर आतलं तेल थंड होतं, त्यातलं मेण गोठू लागतं, तेव्हा घाईही करावी लागते.

खास मापाचा क्लॅम्प बनवायला वेळ लागतो, आणि मोसम तेवढा थांबत नाही. त्यामुळे पाइपलाइन चालवणाऱ्या शहाण्या कंपन्या तो आधीच करवून ठेवतात. नॉर्वेत हाउगेसुंडला तर समुद्राखालच्या पाइपलाइनींसाठी अशी साधनं सामायिक साठ्यात कायम तयार असतात.