किशिनेव्ह, 1903: पोग्रोमला ‘दंगल’ का म्हणू नये

रशियन भाषेतला ‘पोग्रोम’ (जमावाने एखाद्या समाजावर, बहुधा ज्यूंवर, केलेला हल्ला) मराठीत आणताना आपण सहज ‘दंगल’ लिहून मोकळे होतो. पण दंगलीत दोन बाजू असतात. पोग्रोममध्ये एक बाजू दाराला कडी लावून आत बसलेली असते, दुसरी दार फोडत असते आणि तिसरी, वर्दीतली, नाक्यावर उभी राहून बघत असते.

किशिनेव्ह म्हणजे आजच्या मोल्दोव्हाची राजधानी. तेव्हा ते झारच्या साम्राज्यातल्या बेसराबिया प्रांताचे मुख्य शहर होते. वस्ती लाखाच्या आसपास आणि त्यात जवळपास निम्मे ज्यू. एवढी दाटी कायद्यामुळे झालेली: 1791 पासून बहुतेक ज्यूंना साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहण्याची मुभा होती. 1881 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला. कटवाल्यांत एक ज्यू स्त्री होती, तेवढे निमित्त पुरले. आजच्या युक्रेनमधल्या येलिझावेतग्रादपासून ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि रेल्वेमार्गालगतच्या गावांमधून पसरत गेले. पुढच्या वर्षी सरकारने ‘मे कायदे’ आणले, पण त्यांचा रोख ज्यूंवरच. खेड्यांत नव्याने राहायला जायचे नाही, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना दुकान उघडायचे नाही.

फेब्रुवारी 1903 मध्ये नीस्टर नदीकाठच्या दुबोसारी गावात एका ख्रिस्ती मुलाचे प्रेत सापडले. खून नातेवाइकाने केला होता, हे तपासात पुढे आले. तरी पावेल क्रुशेवानच्या ‘बेसराबेत्स’ या दैनिकाने जुनाच आळ उगाळला: वल्हांडण या आपल्या सणाच्या बेखमीर (न फुगवलेल्या) भाकरीसाठी ज्यू ख्रिस्ती मुलांचे रक्त काढतात. हा आळ इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या 1144 मधल्या प्रकरणापासून युरोपात फिरत होता. ज्यू धर्मात प्राण्याचे रक्त खाणेसुद्धा निषिद्ध आहे, पण अफवेला धर्मशास्त्र कोण विचारतो! त्यात भर म्हणून, ईस्टरला ज्यूंना चोप द्यायची झारनेच परवानगी दिली आहे, अशी कुजबुजही पसरली.

रशियाच्या जुन्या कॅलेंडरने 6 एप्रिलला (आपल्या कॅलेंडरने 19) ईस्टरचा रविवार होता, आणि त्याच दिवशी वल्हांडण संपत होता. दुपारी चौकात जमलेल्या पोरांनी खिडक्या फोडल्या, मग दुकाने लुटली. पोलिसांनी काही केले नाही, आणि पुढचे सगळे तिथेच ठरले, असे आम्हाला वाटते. पहिला दिवस मुख्यतः मोडतोड आणि लुटीचा होता. बहुतेक खून आणि बलात्कार सोमवारी झाले, कोणी अडवत नाही याची खात्री पटल्यावर. सोमवारी सकाळी दांडकी घेऊन स्वसंरक्षणाला जमलेल्या ज्यूंना मात्र पोलिसांनी पांगवले. शहरात लष्कराची छावणी होती. सोमवारी संध्याकाळी सैन्याला खरा हुकूम मिळाला आणि हिंसाचार पाहता पाहता आवरला. तोवर 49 ज्यू मेले होते, 500 हून अधिक जखमी होते आणि शेकडो घरे-दुकाने उद्ध्वस्त झाली होती.

गव्हर्नर फॉन राबेन यांना पदावरून काढले. हल्लेखोरांवरचे खटले बंद दाराआड चालले. हल्ल्याला गृहमंत्री प्लेव्ह यांचा हुकूम होता का? तसे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’ने मे महिन्यात छापले, पण बहुतेक इतिहासकार ते बनावट मानतात. वरून योजना आखल्याचा पुरावा नाही. पण दीड दिवस हात बांधून उभे राहायला योजना लागतच नाही.

ओडेसाहून साक्षी नोंदवायला आलेला कवी बियालिक याने आपल्या कवितेत लपून बसलेल्या ज्यू पुरुषांवरच कोरडे ओढले. हे पूर्ण न्याय्य नव्हते, कारण प्रतिकार झाला होता. तरी ती कविता वाचून अनेक गावांत तरुणांनी स्वसंरक्षणाची पथके उभारली. त्याच वर्षी आजच्या बेलारूसमधल्या गोमेलमध्ये अशा पथकाने हल्लेखोरांना तोंड दिले, आणि नंतर पथकातल्या ज्यूंवरही खटले भरले गेले. ऑक्टोबर 1905 मध्ये किशिनेव्ह पुन्हा होरपळले.

क्रुशेवान तेव्हा पीटर्सबर्गमधूनही एक वृत्तपत्र काढत होता. पोग्रोमनंतर चार-पाच महिन्यांनी, ऑगस्ट-सप्टेंबर 1903 मध्ये, त्याने त्यात ज्यूंच्या जागतिक कटाचा तथाकथित दस्तऐवज, ‘प्रोटोकॉल्स’, पहिल्यांदा छापला. तो बनावट असल्याचे 1921 मध्ये त्याच ‘टाइम्स’ने ज्या जुन्या पुस्तकातून तो उचलला होता त्याचा मजकूर शेजारी ठेवून दाखवले. तोवर त्याची जर्मन आणि इंग्रजी भाषांतरे बाजारात आली होती.