हेलियमची जन्मतारीख: १८ ऑगस्टचा घोळ

विजयदुर्ग किल्ल्यावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून १८६८च्या खग्रास ग्रहणात हा वायू सापडला, असं सांगितलं जातं. त्या दिवशी ग्रहण झालं, हे खरं. बाकीची गाठ सोडवावी लागते.

त्या ग्रहणात वर्णपटदर्शक (उजेड रंगांत फोडून दाखवणारं यंत्र) लावून बसलेले निरीक्षक जमखंडी, गुंटूर आणि मछलीपट्टणमला होते. सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळा कशाच्या, हा त्यांचा प्रश्न. वर्णपटात सलग पट्टा न येता सुट्या तेजस्वी रेषा आल्या, म्हणजे तो तापलेला वायू. त्यांत एक पिवळी रेषा होती, आणि बहुतेकांनी ती सोडियमची म्हणून नोंदवली. चूक समजण्यासारखी आहे. सोडियमची जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६वर. यंत्रात उजेड घेणारी फट थोडी रुंद ठेवली की रेषा जाड होतात आणि एवढा फरक हातातून निसटतो. शिवाय खग्रास स्थिती काही मिनिटांची; मोजमाप पुन्हा करायला सवड नाही.

ही घाई संपली दुसऱ्याच दिवशी. गुंटूरच्या फ्रेंच निरीक्षकाने ग्रहण नसताना फट सूर्याच्या कडेबाहेर धरली आणि ज्वाळांच्या रेषा पुन्हा पाहिल्या. आकाशाचा उजेड लोलकातून जाताना सगळ्या रंगांत पसरून फिका पडतो. ज्वाळेचा उजेड मोजक्या रेषांतच गोळा राहतो, म्हणून उठून दिसतो. फट जराशी सूर्यबिंबावर सरकली, तर मात्र काम बिघडते. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये एकाने स्वतंत्रपणे हेच साधलं, आणि पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही हे निवांतपणे मोजलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच बैठकीत वाचली गेली. पुढे दोघांच्या नावे फ्रान्सने पदक काढलं, तेही ज्वाळांच्या विश्लेषणासाठी, हेलियमसाठी नव्हे. त्यावर तारीख मात्र १८ ऑगस्टचीच आहे. घोळाला तिचाही हातभार असावा.

ही पिवळी रेषा ज्या अनोळखी मूलद्रव्याची मानली गेली, त्या हेलियमच्या नावाचीही गंमत आहे. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य. शेवटचं ‘इयम’ सोडियम, कॅल्शियमसारखं, धातूचं. वायू असल्याचं आधी ठाऊक असतं तर निऑन, आरगॉनच्या चालीवर ‘हेलिऑन’ झालं असतं. पंचवीसेक वर्षं अनेक रसायनज्ञ हे मूलद्रव्य मानायलाच तयार नव्हते, आणि त्यांच्या शंकेला कारण होतं: ती रेषा प्रयोगशाळेत निघत नव्हती, हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली ठेवूनही नाही.

ती निघाली १८९५मध्ये, लंडनला, युरेनियमयुक्त खनिज आम्लात उकळून. तसाच वायू आधी अमेरिकेत एकाच्या हाती लागला होता. त्याने तो नायट्रोजन समजून सोडून दिला. खनिजातून निघालेल्या या वायूची पिवळी रेषा बारकाईने पाहता दुहेरी निघाली, सूर्याची एकेरी मानली जात होती. जरा धाकधूक झाली. मग सूर्याचीही दुहेरीच सापडली.

आणि विजयदुर्ग? १८६८मध्ये इंग्लंडमध्येच बसून पिवळी रेषा मोजणारा तो निरीक्षक इथे खरोखर आला, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. ओट्यांचा संबंध जोडायचा तर याच मुक्कामाशी. तोवर हेलियम तीन वर्षं काचेच्या नळीत होता.