मिल्क बँक आणि दात्या आईचं दूध

एका आईने स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरलेलं दूध दुसऱ्या बाळासाठी द्यायचं, ते तपासून, गरम करून, गोठवून ठेवायचं आणि डॉक्टरांनी सांगितलं की गरजेच्या बाळाला द्यायचं, हे काम करते ती मिल्क बँक, मराठीत दुग्धपेढी. जगातली पहिली अशी पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली, आणि आपल्याकडची (नुसती भारतातलीच नाही तर आशियातली पहिली) १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. महापालिकेच्या हॉस्पिटलात, जिथे गरिबातल्या गरीब बायका बाळंत होतात तिथे हे झालं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हे दूध लागतं कोणाला? मुख्यतः दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, दीड किलोच्या आतल्या बाळांना. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काचपेटीत, आई सिझरमधून अजून उठलेली नाही किंवा आजारी आहे, दूध नीट उतरायला दोन-चार दिवस लागतात, आणि तेवढ्यात घरचे म्हणतात वरचं दूध द्या. पण इतक्या कच्च्या आतड्यांना डब्याचं दूध जड जातं, त्यातून आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर आजार होऊ शकतो, त्याला डॉक्टर एनईसी म्हणतात. डब्याच्या दुधापेक्षा पेढीच्या दुधावर वाढणाऱ्या अशा बाळांमध्ये हा आजार बराच कमी होतो, हा दात्या दुधाचा सगळ्यात पक्का फायदा. जागतिक आरोग्य संघटनेचा क्रमही तोच आहे, आधी स्वतःच्या आईचं, ते नसेल तर दात्या आईचं.

आता पोषणाचं बोलू, कारण इथे गैरसमज खूप आहेत. पेढीचं दूध म्हणजे हुबेहूब आईचं दूध नव्हे. एक तर देणाऱ्या बहुतेक बायकांची बाळं पूर्ण दिवसांची आणि काही आठवड्यांची, महिन्यांची असतात, आणि तोवर दुधातलं प्रोटीन कमी झालेलं असतं, उलट लवकर बाळंत झालेल्या आईच्या पहिल्या दिवसांच्या दुधात ते जास्त असतं. दुसरं म्हणजे पाश्चरायझेशन. ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून दूध झटकन थंड करतात, त्यात एचआयव्हीसारखे विषाणू आणि घातक जंतू मरतात, पण सोबत चरबी पचवणारं लायपेज पार जातं, लॅक्टोफेरिन आणि आयजीए ही संरक्षक प्रोटीनं घटतात, सी व्हिटॅमिनही कमी होतं. आईच्या दुधातल्या खास साखरा, ज्या चांगल्या जंतूंना पोसतात, त्या मात्र जवळजवळ तशाच राहतात. गोठवताना, वितळवताना, नळीतून देताना थोडी चरबी भांड्याला नि नळीला चिकटून वाया जाते ती वेगळीच. म्हणून नुसत्या पेढीच्या दुधावर कमी दिवसांच्या बाळाचं वजन डब्याच्या दुधापेक्षा हळू वाढतं, आणि त्यासाठी डॉक्टर त्यात फोर्टिफायर घालतात, म्हणजे वरून प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस. वजन हळू वाढतंय म्हणून घाबरून डब्याकडे वळणाऱ्या घरांना हे कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवं.

देणाऱ्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिसची तपासणी होते, तंबाखू-दारू, औषधं विचारली जातात, दुधाचं कल्चर (त्यात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) होतं, मग ते उणे २० अंशांत काही महिने टिकतं. देताना लहानग्याला नळीने, जरा मोठ्याला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. दूध द्यायचं ते स्वेच्छेने, पैसे न घेता. २०१७ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही भर आईलाच दूध उतरवायला मदत करणाऱ्या हॉस्पिटलातल्या केंद्रावर आहे, पेढी त्याच केंद्राचा एक भाग. २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, आईच्या दुधाची विक्री चालणार नाही असं स्पष्ट बजावलं.

ओळखीतून किंवा व्हॉट्सअॅपवरून कच्चं, न तपासलेलं दूध घेणं वेगळं, त्यात वरची एकही चाळणी नसते, भावना कितीही चांगली असली तरी नाजूक बाळाला ते देऊ नये. मुस्लिम घरांत दूध-नात्याचा प्रश्न येतो, एका आईचं दूध प्यायलेल्या मुलांचं एकमेकांशी लग्न होत नाही, तिथे दात्या आईची माहिती विचारली तर ती शंका मनापासून ऐकून घ्यावी. आणि बाळाच्या स्वतःच्या आईने या काळात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने दूध काढत राहायचं, थेंबभर आलं तरी, कारण काढत राहिलं तरच पुढे तिचं दूध वाढतं.