राइडिंग मोअरखालचे मृत्यू : ‘अपघात की घातपात’ची पार्श्वभूमी

बसून चालवायच्या गवतकापणी मशीनखाली, म्हणजे राइडिंग मोअरखाली सापडून कुणी गेल्याची बातमी आली की एक दिवस हळहळ चालते आणि दुसऱ्या दिवसापासून शंका. एवढा अनुभवी माणूस, मशीन उलटलंच कसं, अंगावर जखम कशी नाही, सीटवरून उठलं की बंद पडतं ना ते, मग घरचे कुठं होते, जमिनीचं काहीतरी चालू होतं म्हणे. बातम्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात पण पुण्याला त्या परक्या राहिल्या नाहीत, कोथरूड-बाणेरच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडं शनिवारी हेच मशीन चालवतात, आणि आता मुळशी-भोरकडची फार्महाऊसं, गोल्फचं मैदान, मोठे कॅम्पस अशा ठिकाणी इथंही ती दिसायला लागलीत. त्यामुळं ‘अपघात की घातपात’ ही चर्चा आपल्याकडंही तितक्याच जोरात होते, फक्त मशीन आणि पोलिसांचे कागद या दोन्हींबद्दल माहिती नसताना होते.

मशीनचा इतिहास थोडक्यात. गवत कापायचं यंत्र १८३० मध्ये इंग्लंडात निघालं, त्यावर बसायची सोय आणि इंजिन वगैरे बरंच नंतर. आपल्या प्रश्नाशी संबंध येतो तो सुरक्षेच्या नियमांचा. उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली शेतकरी मरतात म्हणून स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर डोक्यावरची लोखंडी कमान सक्तीची केली. अमेरिकेने १९८२ मध्ये ढकलायच्या मोअरसाठी नियम केला, हँडल सोडलं की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. पण बसायच्या मोअरला असा सरकारी नियम लागला नाही, तिथं कंपन्यांनी आपसात ठरवलेला ऐच्छिक मानक चालू राहिला. सीटखालचा स्विच, उतरल्यावर पातं थांबणं, रिव्हर्समध्ये पातं बंद होणं, हे सगळं त्या मानकातून आलं. तिथल्याच ग्राहक-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने एका जुन्या पत्रकात वर्षाला साधारण ७५ मृत्यूंचा अंदाज दिला होता, त्यात पाचातला एक लहान मुलाचा. कारणं तीच तीच: मशीन उलटणं, माणूस पडणं, मागं घेताना कुणीतरी खाली येणं.

पात्याने कापून मरण येतं असं लोकांना वाटतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत गोष्ट बहुतेक वेळा वेगळी असते. मशीन उतारावर किंवा तळ्याच्या बांधावर घसरतं, पलटी होतं आणि दोन-अडीचशे किलो वजन छातीवर बसतं. श्वास घेता येत नाही आणि संपलं, बाहेरून फारशी जखम नसते. वर चेहरा काळानिळा पडतो, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके येतात, आणि हीच लक्षणं गळा दाबलेल्या माणसातही दिसतात. इथंच निम्म्या अफवांचा जन्म होतो, कारण प्रेत पाहिलेला कुणीतरी नातेवाईक हे बाहेर सांगतो आणि ऐकणारा ते थेट गळा दाबण्याशी नेऊन जोडतो. खाली पाणी असेल तर आणखी घोळ, कमरेएवढ्या पाण्यात पट्टीचा पोहणारा बुडेल कसा असं विचारलं जातं, वर मशीन होतं हे विसरून.

सीट स्विचचंही तसंच. ‘उठलं की बंद पडतं, मग चालू कसं सापडलं’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण खड्ड्यातून जाताना माणूस सीटवरून जरासा उचलला गेला तरी इंजिन गचके खातं, बंद पडतं, त्याला वैतागून लोक तो स्विच काढून वायरचे दोन तुकडे जोडून टाकतात. आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘डायरेक्ट केलंय’. सीट उचलली की खाली काळी टेप गुंडाळलेला तुकडा दिसतो, दोन मिनिटांचं काम. झिरो-टर्न नावाचं जे दोन दांड्यांनी वळणारं मशीन असतं त्याची खोड वेगळीच, त्यात वळवणं आणि थांबवणं दोन्ही मागच्या चाकांवर, म्हणजे ओल्या गवतावर ती चाकं घसरली की चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका असं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल कुणी वाचतं का हा वेगळा विषय. झाडाखालून जाता यावं म्हणून डोक्यावरची कमान पाडून ठेवतात ती नंतर उभी करायची राहून जाते.

एवढं सगळं धरलं तर बहुतेक मृत्यू अपघातीच असणार हे उघड आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘हा’ नव्हे, आणि भांडण सुरू होतं ते इथं.

आपल्याकडं अशी घटना घडली तर पहिला निर्णय पोलीस स्टेशनात होतो: अकस्मात मृत्यूची नोंद करायची की गुन्हा दाखल करायचा. पहिल्याला बोलीत ‘एडी केली’ म्हणतात, एडी म्हणजे अ‍ॅक्सिडेंटल डेथ. बाकी सगळं, म्हणजे पोस्टमॉर्टेम, व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे नमुने), जबाब, हे त्या एका निर्णयाच्या मागून चालतं, म्हणून यावर जरा सविस्तर.

एडीचं मूळ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये. ब्रिटिशांच्या १८९८ च्या संहितेतही हाच आकडा होता, १९७३ च्या संहितेतही तोच राहिला, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १९४ झालं. शब्द जवळपास तेच: माणसाने आत्महत्या केली, किंवा तो दुसऱ्या माणसाकडून, जनावराकडून, यंत्राकडून किंवा अपघातात मारला गेला, किंवा कुणीतरी गुन्हा केल्याची वाजवी शंका यावी अशा परिस्थितीत मेला, तर पोलिसांनी जागेवर जायचं, आजूबाजूच्या दोन तरी प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा करायचा, जखमा लिहायच्या, कशाने झाल्या असाव्यात ते लिहायचं. यंत्र आणि अपघात हे कायद्याने वेगवेगळे मोजलेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यंत्राने मेला म्हणजे आपोआप अपघात असं कलम म्हणत नाही, तसं आपण म्हणतो. (प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे प्रत्यक्षात कोण असतात हे पंच म्हणून सही केलेल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा.)

आणि या चौकशीची झेप किती? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की मृत्यू कशाने झाला एवढंच इथं बघायचं, कुणी केलं आणि कसं केलं हा तिचा विषय नाही. म्हणजे एडीतून खुनी सापडला नाही म्हणून खून नव्हता असं म्हणता येत नाही, ती खुनी शोधायला बनलेलीच नाही. २०२० मध्ये मुंबईत अभिनेता सुशांत सिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभर हे सगळ्यांनी ऐकलं, न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की मुंबईत फक्त मर्यादित चौकशी चालू होती, गुन्ह्याचा तपास नव्हे. पुढं केंद्रीय तपास झाला आणि २०२५ मध्ये तो बंद करण्याचा अहवाल गेला, पण मधल्या काळात टीव्हीवर जे चाललं ते आठवलं की एडीची मर्यादा लोकांना आधीच नीट समजली असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

दुसऱ्या बाजूने २०१३ चा घटनापीठाचा निकाल आहे: दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागेल, पोलिसांना मर्जी नाही. मोअरखाली माणूस मेला तर दखलपात्र गुन्हा ‘दिसतो’ का? पोलीस म्हणतात, मशीन उलटलंय, फिर्यादीचं नाव नाही, आरोपी कोण लिहू. नातेवाईक म्हणतात, आधी गुन्हा लिहा, आरोपी अज्ञात. मध्ये तिसरा रस्ता असतो तो निष्काळजीपणाचा, जुन्या दंड संहितेचं ३०४ अ, आता न्याय संहितेचं १०६, म्हणजे सेफ्टी स्विच डायरेक्ट केलेलं मशीन मालकाने कामगाराला दिलं असेल तर मालकावर गुन्हा. जुन्या कलमात शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, नव्यात पाच. माझ्या मते अशा बऱ्याच घटनांमध्ये बरोबर उत्तर हेच असतं आणि हेच सगळ्यात कमी वेळा मागितलं जातं, कारण नातेवाइकांना खून हवा असतो आणि मालकाला अपघात.

आता गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती. नव्या प्रक्रिया संहितेत फॉरेन्सिकच्या लोकांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं, व्हिडिओ काढणं हे सक्तीचं केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत, पण ते सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना. एडी हा गुन्हाच नाही. १०६ ला पाच वर्षं. म्हणजे खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा संशय पहिल्या तासात कागदावर आला तरच फॉरेन्सिकची सक्ती, आणि तो संशय खरा की खोटा हे कळायला मुळात फॉरेन्सिक हवं. पंचनामा जिल्हा किंवा उपविभागीय मॅजिस्ट्रेटकडं चोवीस तासांत पाठवा असं नव्या कलमात आलंय, चांगलंच आहे, पण पंचनाम्यात काय बघायचं ते कुठं बदललंय.

कलम निवडण्याने काय होतं ते पुण्याने मे २०२४ मध्ये बघितलं. कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीखाली दोन जण गेले, सुरुवातीला निष्काळजीपणाचं कलम, मग ओरड झाल्यावर सदोष मनुष्यवध, आणि दरम्यान त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचं बाहेर आलं, डॉक्टर अटकेत गेले. तेव्हापासून इथं कुठल्याही मृत्यूत ‘अपघाती नोंद’ असं वाचलं की लोक आधी नाक मुरडतात. त्यांना दोष देता येत नाही, पण प्रत्येक ठिकाणी कल्याणीनगर शोधणं हेही बरोबर नाही.

तसं बघितलं तर ‘हा मृत्यू नक्की कसला’ या प्रश्नावर देशभर जे दाखले दिले जातात त्यातले दोन पुण्याचेच. १९५६ च्या नोव्हेंबरात इथली एक पैसेवाली विधवा आपल्या डॉक्टरबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात वारली, कारण लिहिलं मधुमेहाची बेशुद्धी. विष सापडलंच नाही. तरीही डॉक्टरच्या आधीच्या-नंतरच्या वागण्यावरून फाशी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक अशी कायम केली. दुसरं १९८२ चं, लग्नाला काही महिने झालेली मुलगी, सायनाइड, आत्महत्या की खून. खालच्या दोन्ही कोर्टांनी नवऱ्याला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोडलं आणि परिस्थितीजन्य पुराव्याची ती पाच सूत्रं घातली जी आज प्रत्येक वकील पाठ म्हणतो: साखळी पूर्ण हवी, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, वगैरे. मोअरच्या बाबतीत दुसरी शक्यता नेहमीच उरते, कारण उतार असतो, ओलं गवत असतं. म्हणून खुनाचा आरोप कोर्टात टिकवणं भयंकर अवघड आणि म्हणूनच पहिल्या दिवशीचं मशीन महत्त्वाचं.

अमेरिकेत पद्धत निराळी. तिथं मृत्यूचा प्रकार लिहायचे पाच रकाने: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, आणि ठरवता येत नाही. लिहिणारा कोण हे राज्यावर, कुठं मेडिकल एक्झामिनर डॉक्टर (मॅसॅच्युसेट्सने हे १८७७ मध्येच केलं), कुठं निवडून आलेला कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, जो डॉक्टर असेलच असं नाही. ‘ठरवता येत नाही’ असं लिहिलं की आपल्याकडं त्याची बातमी ‘गूढ वाढलं’ अशी होते, तिथं तो नुसता एक प्रामाणिक रकाना असतो. आपल्याकडं कॉरोनर फक्त मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत होता, मुंबईचा १९९९ मध्ये गेला, पुण्याला तो कधी नव्हताच.

मशीनवर बघायचं काय, तर फार नाही. किल्ली कुठल्या खुणेवर आहे, पात्याचा स्विच ओढलेला की दाबलेला, ब्रेक लावलेला का, सीटखालची वायर. मागं एक छोटी दांडी असते, ती ओढली की गिअर सुटतो आणि मशीन हाताने ढकलता येतं. ती ओढलेली सापडली आणि कुणी नंतर ओढल्याचं सांगत नसेल, तर मशीन चालत आलं नव्हतं, ढकललं होतं, हा खरा संशयाचा मुद्दा. कापलेल्या गवताच्या पट्ट्या कुठपर्यंत आल्यात आणि कुठं तुटल्यात, त्या बांधाकडं वळल्यात का सरळ चालल्या होत्या. चाक घसरल्याचा ओरखडा मातीत आहे का. माणसाला आधी हार्ट अटॅक आला आणि मग मशीन गेलं ही शक्यता पोस्टमॉर्टेममध्ये तपासतात. पण यातलं निम्मं पहिल्या दहा मिनिटांतच जातं कारण खाली माणूस असतो, लोक धावतात, मशीन उचलतात, किल्ली बंद करतात, आणि ते बरोबरच करतात. मोबाईलवर कुणी आधीचा फोटो काढला असेल तर तोच पुरावा. गुन्हा असेल तर मशीन मुद्देमाल म्हणून जप्त होतं, नुसत्या एडीत ते मालकाकडंच राहण्याची शक्यता जास्त, आणि मालकाने नवा स्विच बसवून घेतला की नंतरच्या तपासाला काय सापडणार.

व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे संशय आहे असं नव्हे, अहवाल येईपर्यंत विमावालेही थांबतात आणि तोवर चर्चा चालू राहते. एडी बंद झाली आणि नातेवाइकांना पटलं नाही तर आधी वरिष्ठ अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज, मग तपासाचा आदेश मागायला प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडं, प्रक्रिया संहितेचं जुनं १५६(३), आता १७५(३). तिथं पोलिसांचं म्हणणं ऐकूनच आदेश होतो. गुन्हा दाखल होऊन काही निघालं नाही तर तपास बंद करण्याचा अहवाल, म्हणजे ए (गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही), बी (तक्रारच खोटी) किंवा सी (गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची) समरी, आणि पेपरात तिन्हींची बातमी ‘क्लीन चिट’ अशीच येते.