कप घरात आला त्याच आठवड्यात: विगन ॲथलेटिकच्या २०१२-१३ हंगामाची पार्श्वभूमी

११ मे २०१३. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पाऊस, एफए कपची अंतिम लढत, घड्याळात नव्वद मिनिटं भरलेली आणि गोलफलक अजून कोरा. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. विगनच्या शॉन मलोनीनं कॉर्नर घेतला, जवळच्या खांबाशी बेन वॉटसननं उडी मारून चेंडूला डोकं लावलं, आणि सिटीचा गोलरक्षक जो हार्ट याच्या वरून तो जाळ्यात गेला. विगन ॲथलेटिक १, मँचेस्टर सिटी ०. त्या मोसमात याहून मोठा धक्का इंग्लिश फुटबॉलनं पाहिला नव्हता.

हा शनिवार झाला. पुढच्या मंगळवारी, १४ मे रोजी, हाच संघ आर्सेनलच्या मैदानावर ४-१ असा हरला आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून खालच्या श्रेणीत गेला. एकाच हंगामात एफए कप जिंकणं आणि रेलिगेट होणं, हे त्याआधी कुठल्याच क्लबच्या वाट्याला आलं नव्हतं. कपची फायनल हरून खाली गेलेले संघ मात्र होते: लेस्टर (१९६९), ब्रायटन (१९८३), मिडल्सब्रो (१९९७), पोर्ट्समथ (२०१०). या दुर्दैवी रांगेत सर्वांत पहिला उभा राहिला तो १९२६ सालचा मँचेस्टर सिटी, म्हणजे विगननं वेम्ब्लीवर ज्याला हरवलं तोच क्लब. लीग कप ही वेगळी, दुय्यम स्पर्धा. ती जिंकून नॉर्विच (१९८५) आणि बर्मिंगहॅम (२०११) खाली गेले होते. पण एफए कपचा मान निराळा.

विगनची गोष्ट एका विचित्र योगायोगाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. कप आणि लीग या दोन स्पर्धांशी या क्लबचं नातं पहिल्यापासून गुंतलेलं आहे, आणि २०१३ साली काय घडलं ते समजायला तिथपर्यंत मागे जावं लागतं.

आधी कप आला, लीग नंतर. एफए कपची पहिली स्पर्धा १८७१-७२ची, अवघ्या पंधरा संघांची. हरला की घरी, असा साधा नियम. पण १८८५ साली खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली आणि क्लबांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर पडलं तर पगार कशातून द्यायचे? दर शनिवारी खात्रीचा सामना आणि खात्रीची तिकीटविक्री हवी होती. ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकारानं १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली ती या गरजेतून. तेव्हापासून इंग्लंडमध्ये क्लबचा संसार लीगवर चालतो आणि स्वप्नं कपची पडतात.

विगन हे लँकेशरमधलं कोळशाच्या खाणींचं आणि सूतगिरण्यांचं गाव. लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी सहा लँकेशरचे होते, पण विगनचा त्यांत नव्हता. विगनचा जीव रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारात. तिथला रग्बी संघ इतका बलाढ्य की १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षं त्यानं रग्बीचा चॅलेंज कप जिंकला. अशा गावात फुटबॉलचं रोप धरेना. एकामागून एक क्लब निघाले आणि बुडाले. शेवटचा विगन बरो हा तर लीगमध्ये होता, पण पैसे संपले आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, त्यानं राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, गावानं विगन ॲथलेटिक उभा केला.

नवा क्लब जुन्याच स्प्रिंगफील्ड पार्क मैदानावर खेळू लागला, पण लीगचं दार बंद होतं. त्या काळी लीगमध्ये शिरायला सामने जिंकून भागत नसे. तळाच्या क्लबांनी दर उन्हाळ्यात फेरनिवडीसाठी अर्ज करायचा, बाहेरच्यांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं, आणि लीगमधल्या क्लबांनी मतं टाकायची. मत देणारे बहुधा आपल्या ओळखीच्या जुन्या सोबत्यालाच ठेवत. विगननं वर्षामागून वर्षं अर्ज केले आणि दर वेळी नकार घेऊन परतला. १९७२ साली तर वैतागून त्यांनी थेट स्कॉटिश लीगकडे अर्ज केला. तोही फेटाळला गेला.

या सगळ्या वर्षांत मोठ्या संघांशी दोन हात करायची एकच जागा होती, एफए कप. १९३४ साली त्यांनी कार्लाईल या लीगमधल्या संघाला त्याच्याच मैदानावर ६-१ असं लोळवलं. डिसेंबर १९५३ मध्ये हेरफर्डविरुद्धच्या सामन्याला स्प्रिंगफील्ड पार्कवर २७,५२६ लोक आले. दोन्ही संघ लीगबाहेरचे, तरी एवढी गर्दी. पुढच्याच फेरीत पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलला त्यांच्या घरी जाऊन २-२ असं रोखलं. फेरसामना ३-२नं गेला, पण हा संघ लीगच्या लायकीचा आहे हे साऱ्या देशानं पाहिलं.

दार उघडलं ते १९७८ साली, आणि तेही कपनंच. त्या मोसमात विगननं कपमध्ये आधी यॉर्कला आणि मग शेफील्ड वेन्सडेला हरवलं. लीगबाहेरच्या आपल्या विभागात विगन दुसरा होता. पहिला आलेल्या बॉस्टनचं मैदान लीगच्या अटींत बसत नव्हतं म्हणून उमेदवारी विगनकडे आली. मतदानात विगन आणि साउथपोर्ट यांना सारखीच मतं पडली. पुन्हा मतदान झालं, साउथपोर्ट बाहेर गेला, विगन आत आला. अशा मतदानानं लीगबाहेर पडलेला साउथपोर्ट हा शेवटचा क्लब. ४६ वर्षं ताटकळलेल्या क्लबला त्या वेळी कपमधले ते दोन विजय किती कामी आले असतील! मतं टाकणाऱ्यांच्या डोक्यात वेन्सडेचा पराभव ताजा होता, एवढं नक्की.

आता दुसरा धागा. ७ मे १९६०, वेम्ब्ली, एफए कपचीच फायनल. ब्लॅकबर्न रोव्हर्सचा २३ वर्षांचा बचावपटू डेव्ह व्हेलन याचा पाय मध्यंतराच्या जरा आधी मोडला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. उरलेल्या दहा जणांनी सामना पुरा केला आणि वूल्व्हज ३-०नं जिंकले. व्हेलनची वरच्या पातळीवरची कारकीर्द तिथे संपल्यातच जमा झाली. विगनच्या बाजारात गाळा मांडून त्यांनी धंद्याला सुरुवात केली, मग सवलतीच्या दरातली किराणा दुकानं, मग खेळाच्या साहित्याची जेजेबी स्पोर्ट्स ही देशभर पसरलेली साखळी. १९९५ साली त्यांनी विगन ॲथलेटिक विकत घेतला तेव्हा संघ चौथ्या श्रेणीत होता आणि सामन्याला दोन हजारांच्या आतबाहेर माणसं येत. दहा वर्षांत प्रीमियर लीगमध्ये नेतो, असं व्हेलन म्हणाले. १९९७, २००३ आणि २००५ अशा तीन बढत्या घेऊन पॉल ज्युवेल यांच्या हाताखाली संघ खरोखरच दहाव्या वर्षी तिथे पोहोचला. दरम्यान १९९९ मध्ये २५ हजार आसनांचं नवं स्टेडियम झालं, रग्बी संघाबरोबर वाटून घेतलेलं.

त्याच १९९५ साली व्हेलननी तीन स्पॅनिश खेळाडू आणले. चौथ्या श्रेणीत, खाणीच्या गावात, तीन स्पॅनिश पोरं! त्यांतला एक कॅटलोनियातल्या बालागेरचा रॉबर्टो मार्टिनेझ. तो सहा वर्षं विगनकडून खेळला आणि २००९ मध्ये प्रशिक्षक होऊन परतला. चेंडू जमिनीवर ठेवायचा, गोलरक्षकापासून पासांची साखळी बांधायची, घाबरून लांब फटके मारायचे नाहीत, ही त्याची शिकवण. त्याच्या पहिल्याच मोसमात टॉटनहॅमकडून ९-१ असा मार खावा लागला, तरी तो बदलला नाही. २०११ मध्ये शेवटच्या दिवशी स्टोकला हरवून संघ वाचला. २०१२ मध्ये तर शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले, त्यांत मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि आर्सेनल हे तिघे. तीन बचावपटूंची रचना तेव्हा अशी काही बसली की वसंत आला की विगन वाचतो, अशी म्हणच पडली.

२०१२-१३ची सुरुवात एका विक्रीनं झाली. व्हिक्टर मोझेस चेल्सीकडे गेला, आघाडीला आरुना कोने आला. दर उन्हाळ्यात सर्वांत चांगला खेळाडू विकायचा आणि आलेल्या पैशात दोन-तीन नवे घडवायचे, हाच क्लबचा संसार होता. सरासरी १९ हजार प्रेक्षकांच्या जोरावर मँचेस्टर आणि लंडनच्या क्लबांशी टक्कर द्यायची तर दुसरा उपाय नव्हता. संघ पातळ होता आणि दुखापतींनी तो आणखी पातळ केला. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर वॉटसनचा पाय मोडला. जानेवारीत बचावातला इव्हान रामिस गुडघ्यानं गेला. मोसमभरात लीगमध्ये ७३ गोल खाल्ले गेले, आणि माझ्या मते घसरणीचं खरं कारण हेच. कपमुळे लीग गेली असं म्हणणारे हा आकडा विसरतात.

लीग कपमध्ये ब्रॅडफर्ड या चौथ्या श्रेणीच्या संघानं पेनल्टींवर बाहेर काढलं. (ब्रॅडफर्ड पुढे थेट फायनलला गेला.) एफए कपची वाट मात्र मोकळी होत गेली. बोर्नमथविरुद्ध बरोबरी आणि फेरसामना, लीगबाहेरच्या मॅकल्सफील्डविरुद्ध एक पेनल्टी, हडर्सफील्डवर ४-१. मार्टिनेझ इथे राखीव खेळाडूंना उतरवत होता आणि त्यातूनच कॅलम मॅकमॅनमन हा क्लबच्याच अकादमीतला विंगर फुलला. ९ मार्चला एव्हर्टनच्या मैदानावर विगननं चार-एक मिनिटांत तीन गोल केले. फिगेरोआ, मॅकमॅनमन, गोमेझ. एव्हर्टनच्या प्रेक्षकांना काय होतंय ते कळायच्या आत उपांत्यपूर्व फेरी संपली होती. उपांत्य फेरीत मिलवॉलवर २-० असा विजय मिळवून क्लब पहिल्यांदाच एफए कपच्या फायनलला पोहोचला.

इथे वेळापत्रकानं घात केला. एरवी कपची फायनल लीग संपल्यावर होते. पण २०१३ मध्ये २५ मे रोजी चॅम्पियन्स लीगची फायनल वेम्ब्लीवर होती, म्हणून एफए कप आधी उरकायचा ठरला. जगण्यामरण्याचे सामने आणि क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा सामना एकमेकांत अडकले. ७ मे, मंगळवार: घरी स्वॉन्सीविरुद्ध दोनदा आघाडी घेऊन २-३ हार. ११ मे: फायनल. १४ मे: आर्सेनल. आठ दिवसांत तीन सामने, आणि बचावात धड उभे राहतील असे मोजकेच खेळाडू. पॅराग्वेचा अल्काराझ दीर्घ दुखापतीतून उठून वेम्ब्लीवर उतरला. कर्णधार गॅरी कॉल्डवेल पहिल्या अकरांत नसल्यानं नेतृत्व एमरसन बॉइसकडे होतं.

त्या संध्याकाळी संघाला मैदानावर घेऊन आले ते ७६ वर्षांचे डेव्ह व्हेलन, मार्टिनेझच्या सोबतीनं. ५३ वर्षांपूर्वी ज्या सामन्यातून त्यांना उचलून नेलं होतं, त्याच सामन्यात ते आता पुढे चालत आले. मॅकमॅनमननं सिटीच्या डाव्या बाजूची चाळण केली. ८४व्या मिनिटाला त्यालाच पाडल्याबद्दल झाबालेटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि सिटीचे दहा जण उरले. त्याच्या तीन मिनिटं आधी मार्टिनेझनं गोमेझला बोलावून वॉटसनला पाठवलं होतं. पाय मोडून मोसमाचा मोठा भाग घरी बसलेला, नुकताच परतलेला वॉटसन. वेम्ब्लीवर पाय मोडलेल्या माणसाच्या क्लबला वेम्ब्लीवर कप मिळाला तो पाय मोडून उठलेल्या खेळाडूच्या डोक्यानं. हे मी कितीदा आठवलं असेन याची गणती नाही, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. कप उचलला बॉइस आणि कॉल्डवेल या दोघांनी मिळून.

आर्सेनलविरुद्ध मध्यंतरापर्यंत १-१ होतं. मलोनीची फ्रीकिक थेट जाळ्यात गेली होती. नंतर पायांत जोर उरला नाही. शेवटी ३६ गुण, अठरावं स्थान, आठ वर्षांनी प्रीमियर लीगमधून खाली. पराभूत सिटीनं दरम्यान प्रशिक्षक मँचिनी यांना काढलं होतं. मार्टिनेझ जूनमध्ये एव्हर्टनला गेला, मार्चमध्ये ज्याला हरवलं त्याच क्लबकडे. हंगाम संपल्यावर विगनच्या रस्त्यांवरून उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रग्बी संघानंही चॅलेंज कप आणला.

कप जिंकल्यामुळे विगनला युरोपा लीगचं स्थान मिळालं होतं. १९ सप्टेंबर २०१३ रोजी, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला हा क्लब बेल्जियमच्या झुल्टे वारेगेमविरुद्ध ब्रुजमध्ये आपला पहिला युरोपीय सामना खेळला. ०-०. त्या मोसमात साठहून अधिक सामने झाले. गुरुवारी युरोप, शनिवार-रविवारी चॅम्पियनशिप, मधे पुन्हा एफए कप. मार्च २०१४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी सिटीला पुन्हा हरवलं, या वेळी सिटीच्याच मैदानावर २-१. उपांत्य फेरीत ते आर्सेनलविरुद्ध पेनल्टींवर हरले. आणि मे महिन्यात, प्रीमियर लीगमध्ये परतायच्या प्ले-ऑफमध्ये, क्वीन्स पार्क रेंजर्सनं जादा वेळेत त्यांना रोखलं.