पिकअप बदलायचाय? वायर कापू नका, गिटार तशीच घेऊन या

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारांची कंपनं विद्युत सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बदलून घ्यायला आमच्या दुकानात येताना एकच विनंती: गिटार आहे तशी, तारांसकट आणा. जुना पिकअप घरी काढू नका. काढलाच, तर त्याची वायर कापू नका.

वायर कापलेल्या पिकअपवर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. पिकअपच्या बुडाशी, टेपखाली, बाहेरची वायर कॉइलला जोडलेली असते. कॉइलची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची. वायरला हिसका बसला की ही बारीक तार सांध्यापाशीच तुटते, आणि मग बहुतेक वेळा कॉइल नव्याने गुंडाळावी लागते. वायर नुसती तोकडी झाली असेल तर जोड देता येतो, पण हंबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) चार वायरींपैकी कुठली कुठे लावली होती ते शोधण्यात तासभर जातो. रंगांवर विसंबू नका. सेमूर डंकन कंपनीच्या हंबकरची हॉट वायर (सिग्नल नेणारी) काळी असते. डिमार्झिओची लाल, आणि तिथे काळी पांढरीला जोडायची असते. उलटं जोडलं गेलं तर एकेकटा पिकअप व्यवस्थित वाजतो, दोन्ही एकत्र लावले की आवाज पातळ आणि अनुनासिक होतो. ही तक्रार 'नवा पिकअप खराब निघाला' म्हणून येते. पिकअपमध्ये काही दोष नसतो. घरी काढायचाच असेल तर आधी वायरिंगचे फोटो घ्या, मग पॉटवरचं (नॉबखालच्या व्हॉल्यूम-टोन कंट्रोलवरचं) सोल्डर वितळवून वायर सोडवा.

दुसरा नेहमीचा प्रश्न: 'किती किलो-ओहमचा घेऊ?' हा कॉइलचा रेझिस्टन्स; या आकड्यावरून निवडू नका. बारीक तारेचे तेवढेच वेढे घेतले तरी रेझिस्टन्स वाढतो, ताकद वाढतेच असं नाही. कॉलेजच्या बँडमध्ये मेटल वाजवणाऱ्याला सिरॅमिक मॅग्नेटचा हंबकर आवडतो. ऑर्केस्ट्रात मागे कॉर्ड धरणाऱ्याला तोच बोचतो, त्याला आम्ही अल्निको मॅग्नेटचा सुचवतो. कुठला अ‍ॅम्प वापरता आणि आत्ताच्या आवाजात काय खटकतं, एवढं सांगितलंत तरी निवड सोपी होते.

ऑनलाइन मागवणार असाल तर ब्रिजपाशी (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) दोन्ही टोकांच्या तारांमधलं अंतर मोजा. साधारण ५० मिलिमीटर असेल तर नेहमीचा हंबकर बसतो; ५२-५३ भरलं तर रुंद स्पेसिंगचा लागतो. बाहेरून आणलेला पिकअपही आम्ही आनंदाने बसवतो.

सिंगल कॉइल काढून हंबकर बसवताना २५० केचे (किलो-ओहमचे) पॉट बदलून ५०० केचे घालायला आम्ही सांगतो. बिल थोडं वाढतं, पण जुन्या पॉटवर हंबकर दबल्यासारखा वाजतो आणि पिकअपला घातलेले पैसे ऐकू येत नाहीत. तारांचा नवा सेटही यासाठीच लावतो: उतरवलेल्या जुन्या तारांवर नव्या पिकअपचा खरा आवाज कळत नाही.

आणि खरेदीआधी पिकअपची उंची तपासून घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांत सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवून बघा. सिंगल कॉइल फार जवळ असेल तर मॅग्नेट तारेला ओढतो, सूर डळमळतो. कित्येकांचं काम एवढ्यावरच भागतं. उंची आम्ही समोर बसवून लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. त्यानंतरही आवाज पटला नाही, तर दुकानातले पिकअप आमच्या अ‍ॅम्पवर ऐकून मग ठरवा. काढलेला जुना पिकअप वायरिंगच्या आकृतीसह परत मिळतो. तो जपून ठेवा, गिटार विकताना उपयोगी पडतो.