कुंडीच्या तळाशी टांगलेलं पाणी

मे संपत आला की गोव्यातल्या नर्सऱ्यांमधून मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं घरोघरी जायला लागतात. रोपासोबत एक सल्लाही फुकट मिळतो: 'तळाला दोन बोटं खडी घाला, पाणी साचणार नाही.' खडीतून पाणी झरझर जाताना सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, त्यामुळे सल्ला लगेच पटतो. जुलैत मात्र त्याच कुंड्यांतली रोपं पिवळी पडतात आणि दोष पावसाला दिला जातो. खडीने पाणी साचायचं थांबत नाही. साचलेलं पाणी मुळांच्या आणखी जवळ येतं, एवढंच.

भांडी घासायचा साधा स्पंज घ्या, पाण्यात बुडवून पूर्ण भिजू द्या आणि सपाट आडवा धरून उचला. थोडं पाणी गळेल, मग थेंब थांबतील. आता न पिळता तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा गळू लागेल. थांबला की आखूड कडेवर उभा करा. तिसऱ्यांदा गळेल. छिद्रं तीच, स्पंज तोच, बदलली ती उंची. कुंडीतली माती म्हणजे असाच एक स्पंज आहे.

मातीच्या कणांमधल्या बारीक फटी केशनलिकांसारख्या, म्हणजे केसाएवढ्या बारीक नळ्यांसारख्या वागतात. पाणी कणांना चिकटतं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि फटीत पाण्याचा एक स्तंभ तोलला जातो. जेम्स ज्युरिन या इंग्रज वैज्ञानिकाने १७१८ च्या सुमारास यावर केलेलं काम आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं: नळी जितकी बारीक, तितका स्तंभ उंच. पाण्यासाठी हिशेब तोंडी करता येतो. फटीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, ३० ला त्याने भागा, स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये मिळते. १ मिलिमीटरच्या फटीत ३ सेंटिमीटर, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ६ आणि ०.१ मिलिमीटरच्या फटीत ३० सेंटिमीटर. शाळेत हा नियम पाणी वर कसं चढतं ते सांगायला वापरतात. कुंडीत तोच नियम पाण्याला खाली पडू देत नाही. भोकापर्यंत आलेल्या पाण्याला थेंब होऊन हवेत पडायचं, तर वरच्या स्तंभाच्या वजनाने पृष्ठताणावर मात करायला हवी. वजन कमी पडलं की पाणी तोंडाशीच थांबतं आणि तळाशी पाण्याने भरलेला मातीचा एक थर टांगल्यासारखा राहतो. भोक मोठं करा, दहा भोकं पाडा, हा थर जात नाही. त्याला भोकाने अडवलेलंच नसतं, मातीने धरलेलं असतं.

समजा आपल्या मिश्रणात हा टांगलेला थर ६ सेंटिमीटरचा आहे. खऱ्या मातीत फटी एका मापाच्या नसतात, म्हणून सीमारेषा धूसर असते, पण हिशेबाला चालेल. १० सेंटिमीटर खोल पसरट ट्रेमध्ये याचा अर्थ ६० टक्के माती बुडालेली. १८ सेंटिमीटर खोल कुंडीत एक तृतीयांश. २८ सेंटिमीटर खोल कुंडीत साधारण एक पंचमांश. थराची जाडी मिश्रणावर ठरते, कुंडीवर नाही. आता या २८ सेंटिमीटरच्या कुंडीत तळाला ५ सेंटिमीटर खडी घाला. मातीतल्या बारीक फटींमधून खडीच्या मोठ्या पोकळीत उतरायला पाण्याला तीच अडचण येते जी हवेत पडताना येत होती. मातीचा सर्वांत खालचा भाग पूर्ण भिजेपर्यंत ते खडीत उतरतच नाही. ६ सेंटिमीटरचा थर तसाच राहतो, फक्त खडीच्या वर जाऊन बसतो. हवेशीर माती २२ सेंटिमीटर होती, ती १७ उरली. खडीऐवजी फुटक्या कौलाचे तुकडे घातले तरी फरक नाही. नारळाच्या सोडणाचं थोडं वेगळं आहे. त्याचे तंतू स्वतःच पाणी ओढतात, त्यामुळे खडीसारखी तुटक सीमा तयार होत नाही, पण तेही तळाशी ओलंच राहतं आणि वर्षभरात कुजून माती खाली बसते. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढंच हवं असेल तर जाळीचा एक तुकडा पुरतो.

या थरात मुळं मरतात ती पाण्यामुळे नव्हे, प्राणवायूअभावी. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यातही कोमट पाण्यात तो कमी विरघळतो: २० अंश सेल्सियसला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. उलट उकाड्यात मुळांचा श्वासोच्छ्वास वाढलेला असतो. श्वास कोंडला की मुळाच्या पेशींतलं आम्ल वाढतं आणि पेशीपटलातल्या प्रथिनांच्या ज्या वाहिन्यांतून पाणी आत येतं, त्या या आम्लामुळे मिटतात. म्हणून रोप पाण्यात उभं असूनही तहानलेलं असतं आणि दुपारी माना टाकतं. घरात याचे दोन अर्थ लावले जातात. एक, पाणी कमी पडलं, आणखी घाला. दोन, रोपाला दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधा. दुसरा उपाय निदान निरुपद्रवी आहे, पहिल्याने रोप दगावतं. शिवाय पिथियम आणि फायटोफ्थोरा या मूळकुजव्या बुरशीसदृश जीवांचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यात पोहतात. टांगलेला थर त्यांचा तलावच.

उपाय उंचीतच आहे. जुन्या सुती बनियनची दोन बोटं रुंद पट्टी भोकातून आत मातीत आठ-दहा सेंटिमीटर घाला, बाहेर दहा-पंधरा सेंटिमीटर लोंबू द्या आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा. ओल्या पट्टीमुळे पाण्याचा स्तंभ कुंडीच्या तळापलीकडे लांबतो आणि थर खाली ओढला जातो. एका पावसाळ्यात पट्टी कुजते, बदलावी लागते. अंगण मातीचं असेल तर आणखी सोपं: मोठ्या भोकांची कुंडी थेट मातीवर दाबून बसवा. आतली माती आणि जमिनीची माती जोडली गेली की स्तंभ अखंड होतो. गच्चीच्या लादीवर मात्र उलट करायचं. तिथे कुंडी विटांवरच हवी, नाहीतर लादीवरचा पाण्याचा थर भोक बुजवतो. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर घेतली जाते. भर पावसात ती तगते याला हा उतारही कारण आहे. पाण्याच्या दृष्टीने डोंगर म्हणजे तळच नसलेली कुंडी.

आपलं मिश्रण कसं आहे हे घरी मोजता येतं. कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद करा, माती काठोकाठ भरा आणि वर पाणी दिसेपर्यंत सावकाश पाणी घाला. ते एक तास मुरू द्या, कमी झालं तर भर घाला. मग कुंडी रिकाम्या टबावर धरून पट्टी काढा आणि गळलेलं पाणी मोजा. १ लिटर मिश्रणातून १५० मिलिलिटर गळलं, तर पाणी दिल्यानंतरही १५ टक्के जागा हवेची. १० ते २० टक्के चांगलं, त्याखाली मुळं गुदमरतात. चाचणी ज्या कुंडीत लावणार तिच्यातच करावी, कारण उंची बदलली की उत्तर बदलतं. नुसती जांभी माती या परीक्षेत सहसा नापास होते. एक भाग जांभी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं कंपोस्ट आणि अर्धा भाग अर्धवट जाळलेला भाताचा तूस हे चालतं. पावसाळी लागवडीसाठी मातीचा भाग निम्मा करावा. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीनदा भिजवून पिळल्याशिवाय वापरू नये, नाहीतर पानांच्या कडा जळतात आणि कीड समजून कीटकनाशकाची फवारणी सुरू होते.

कुंड्या इंचांवर विकल्या जातात, पण झाड लिटरवर वाढतं. निमुळत्या तळाची ८ इंची कुंडी साधारण ४ लिटरची, १० इंची ८ ते ९ लिटरची आणि १२ इंची १५ लिटरची. व्यास दीडपट झाला की जागा जवळजवळ चौपट होते. मिरचीला शेवटी १० ते १५ लिटर हवेत, वांग्याला आणि उंच टोमॅटोला २० ते २५.

मग पहिल्याच दिवशी मोठी कुंडी का देऊ नये? गुरुत्वाकर्षणाने निघणारं पाणी तासाभरात निघून जातं. बाकीचं एकतर मुळांनी प्यावं किंवा वाफ होऊन जावं. गोव्याच्या जुलैत हवाच इतकी दमट असते की वाफ फारच कमी होते आणि चार पानांचं रोप दिवसाला काही चमचेच पितं. १५ लिटरच्या कुंडीत त्याच्या शेजारची सात-आठ लिटर ओल कोणाची? कोणाचीच नाही, ती आंबते. वर १२ इंची कुंडीच्या तोंडावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ७ लिटर पाणी आत येतं. म्हणून पायऱ्या: ट्रेमधून अर्धा ते एक लिटरची पिशवी, तिथून शेवटची कुंडी. पावसाळ्यात मधली एखादी पायरी जास्त घ्यावी, डिसेंबरात एखादी गाळली तरी चालते.

पुनर्लागवडीची वेळ कॅलेंडरपेक्षा मुळं सांगतात. रोप उलटं करून गड्डा, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, अलगद बाहेर काढा. पांढरी मुळं माती धरून असतील पण भिंतीला गोल फिरू लागली नसतील, तो दिवस योग्य. मिरचीला पेरणीपासून ३५ ते ४५ दिवस, उंची १० ते १५ सेंटिमीटर. गड्डा सुटून पडला तर लवकर झालं. तपकिरी मुळांची चुंबळ दिसली तर उशीर झाला, आणि चुंबळ आपोआप सुटत नाही: धारदार पातीने बाजूला तीन-चार उभे काप, अर्धा सेंटिमीटर खोल, द्यावेच लागतात. आधी आठवडाभर रोप रोज थोडं जास्त उन्हात ठेवावं. लावायच्या दोन तास आधी पाणी द्यावं. लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी, कारण पाणी शोषणारे मूलरोम उपटताना तुटतात आणि ते पुन्हा येईपर्यंत पानांची मागणी कमी हवी. मृगातली लावणी जमते ती नक्षत्रामुळे नव्हे, ७-८ जूनच्या ढगांमुळे. अमावस्या-पौर्णिमेचा मुळांशी संबंध नाही. लावणीनंतरचा धक्का घालवणारी जीवनसत्त्वांची बाटलीही त्याच पंगतीतली, किंमत तेवढी जास्त.

मिरचीचा गड्डा आधीच्याच पातळीवर बसवावा. टोमॅटो खोडाला मुळं फोडतो, त्याला खालची पानं काढून खोल गाडता येतं. माती भरल्यावर मुठीने ठासू नये. ठासल्याने मोठ्या फटी बारीक होतात, म्हणजेच टांगलेला थर उंच होतो. कुंडी दोनदा जमिनीवर हलकेच आपटावी आणि तळातून गळेपर्यंत पाणी द्यावं. या पहिल्या पाण्याने गड्डा आणि नवी माती एकमेकांना चिकटतात. पुढचे दहा दिवस खत नको.

इथे तोच ज्युरिन पुन्हा आडवा येतो. ट्रेमधला गड्डा नुसत्या भुसभुशीत कोकोपीटचा आणि भोवती चिकण जांभी माती असेल, तर बारीक फटींची माती गड्ड्यातलं पाणी ओढून घेते. कुंडी ओली दिसते, रोप सुकतं. पहिले आठ-दहा दिवस पाणी थेट खोडाशी द्यायचं ते यासाठी. पिशवीतलं रोप चिकण मातीचं आणि कुंडीत भुसभुशीत मिश्रण असेल तर उलट: कुंडी सुकते, गड्डा ओलाचिंब राहतो. तेव्हा गड्ड्याच्या बाहेरची माती बोटांनी थोडी मोकळी करावी.

कापडी पिशव्यांचा गाजावाजा निम्मा खरा आहे. भिंतीशी पोचलेलं मूळ हवेने सुकतं, मागून फांद्या फुटतात, चुंबळ होत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये ती पिशवी दिवसातून दोनदा पाणी मागते. काळं प्लॅस्टिक त्याच दिवसांत उन्हाच्या बाजूला सहज ४० अंशांवर जातं, बाहेरून सोडणं रचली की निभावतं.

सगळं नीट करूनही फुलांवर आलेलं वांगं किंवा मिरची हिरवीच्या हिरवी, दोन दिवसांत मान टाकते तेव्हा पाण्याला दोष देण्याआधी एक तपासणी करावी. जमिनीजवळचं खोड कापून त्याचा दोन इंची तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात, टोक जेमतेम बुडेल असा धरावा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर आहे, आपल्या आम्लधर्मी मातीत नेहमीची. तिला औषध नाही. रोप आणि ती माती बाहेर टाकावी, मिरची-वांगं-टोमॅटोला पुन्हा वापरू नये, कुंडी धुऊन कडक उन्हात आठवडाभर सुकवावी. धागे उतरले नाहीत आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत निघाली, तर तळाचा थर तपासायला घ्यावा.